तिसऱ्या ओळीची जागा

२१ फेब्रुवारी, शनिवार. सकाळचे पावणेआठ. हजर: मी; माझा नवरा अरुण, आंघोळीला; शांतवनमामा, माझ्या आईचे धाकटे भाऊ, वय अठ्ठ्याहत्तर, गॅलरीतल्या खुर्चीत, मांडीवर गिटार आडवी; आणि दारात, चप्पल न काढता, पहिल्या मजल्यावरच्या वैशालीताई. गैरहजर: माझी मुलगी स्नेहल, पुण्याला, होस्टेलवर.

अशी हजेरी मांडायची सवय मला ऑफिसमुळे लागली. मी ज्युनियर कॉलेजच्या परीक्षा विभागात काम करते. बैठकव्यवस्था, घंटा, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. बावीस वर्षं फेब्रुवारी आणि मार्च हे दोन महिने मी घड्याळाच्या काट्यावर काढलेत. घरीसुद्धा फ्रिजवर चुंबकाखाली माझी यादी असते, आणि झालेल्या कामावर खूण केल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही.

वैशालीताईंचं काम दोन मिनिटांचं होतं. त्यांची मुलगी यंदा दहावीला आहे.

"सुनीताताई, गेल्या वर्षी तुमच्या पॅसेजमध्ये तो बोर्ड होता ना, शांतता राखाचा? महिनाभर देता का?"

मी दिला. दाराच्या मागेच होता, धूळही फारशी बसली नव्हती. बोर्ड काखेत घेऊन त्या जरा रेंगाळल्या. गॅलरीकडे बघून आवाज खाली आणला.

"आणि आजोबांचं... तेवढं जरा. पेपर होईपर्यंतच हो. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर परीक्षेतल्याच."

"साडेनऊला निघते मी. जाताना सांगते," मी म्हणाले.

मामांना ऐकू गेलं असणार. कान अजून शाबूत आहेत. पण ते थांबले नाहीत. गाण्याची पहिली ओळ म्हणाले, तीच ओळ पुन्हा म्हणाले, आणि तिसऱ्या ओळीच्या वेळी गप्प बसले. गिटार वाजत राहिली. त्या रिकाम्या जागेत खालून उसाची ट्रॉली गेली, ट्रॅक्टरवर मोठ्यांदा लावलेलं गाणं घेऊन. मग मामा पुन्हा पहिल्या ओळीवर.

फेब्रुवारी आला की आमच्या सावेडीतल्या या बिल्डिंगचा आवाज बदलतो. जिन्यातून मुलं धावत नाहीत. तळमजल्यावरचा टीव्ही ओठ हलवतो, बोलत नाही. कडुनिंबाची पिवळी पानं पार्किंगमधल्या गाड्यांवर पडतात, तो आवाजही ऐकू येतो. दुपारी नगरचं कोरडं ऊन गॅलरीच्या ग्रिलमधून आत येतं आणि फरशीवर गजांच्या सावल्या आडव्या पडतात. आपण सगळे मिळून एखाद्या मुलाभोवती दारं लावून घेतो आणि त्याला काळजी म्हणतो. मी तर या कामातली पगारी तज्ज्ञ. म्हणून गेल्या वर्षीची गोष्ट लिहून ठेवायला हवी.

मामा आमच्याकडे आले ते त्याआधीच्या दिवाळीत. भिंगारमधल्या दोन खोल्यांत एकटेच राहायचे. मामी जाऊन बरीच वर्षं झालेली. न्हाणीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, एकटं ठेवू नका. आमची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. तिसरा मजला, चोपन्न पायऱ्या. चौघांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांना वर आणलं. दुसऱ्या मजल्यावर सगळे धापा टाकत थांबले तेव्हा मामा खुर्चीतून म्हणाले, "वर नेताय लई हौसेनं. खाली कोन आननार?"

सगळे हसले. मीसुद्धा हसले. त्या दिवसापासून आजपर्यंत मामा दवाखान्याच्या दोन फेऱ्या सोडल्या तर खाली उतरलेले नाहीत.

सोबत एक लोखंडी ट्रंक आणि गिटार. गिटार तपकिरी, पोटाला एक लांब भेग, आणि त्या भेगेवर ॲल्युमिनियमची पट्टी चार रिव्हेट मारून बसवलेली. वरच्या एका खुंटीची मूठ तुटलेली, ती पक्कडीनं फिरवायची. मामा लष्कराच्या छावणीतल्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. मोडलेलं टाकायचं नसतं, जोडायचं असतं, एवढं एकच शास्त्र त्यांना ठाऊक. ते त्यांनी गिटारलाही लावलं.

ते वाजवतात त्याला ब्लूज म्हणतात, अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं गाणं. आमच्या नातेवाइकांत हा शब्द कुणाला नीट माहीत नव्हता. आई म्हणायची, "शांतवन इंग्रजी रडगाणं वाजवतो." मामांना ते आवडायचं नाही.

त्यांच्या हातात गिटार आली ती ऑफिसर मेसच्या बँडमुळे. शनिवारी साहेबलोकांचा नाच असायचा, गिटारवाला सोडून गेला होता, आणि बँडच्या गोवेकर मास्तरांनी वर्कशॉपमध्ये येऊन विचारलं, कुणाची बोटं मजबूत आहेत? मामांनी हात वर केला. मिशनच्या बोर्डिंगात भजनांना पेटी वाजवलेली, तेवढंच भांडवल. वर्षभरात ते नाचाची सगळी गाणी वाजवायला लागले. मग एकदा एका अधिकाऱ्याची बदली झाली आणि त्याच्या जुन्या रेकॉर्ड भिंगारच्या बाजारात भंगारवाल्याकडे आल्या. त्यात एक बिनपाकिटाची, मधला कागद फाटलेला. तिच्यावर एकच माणूस आणि एकच गिटार. नाव नाही, गाव नाही.

"मला इंग्रजी वर्कशॉपपुरतं यायचं," मामा सांगत. "तो काय म्हनतोय त्यातलं एक अक्षर कळंना. पन एवढं कळलं, की तो रडत न्हाई. सांगतोय. आन् सांगायची तऱ्हा आमच्या आईची हाय."

ती तऱ्हा अशी. माझी आजी आणि आजोबा पाथर्डीकडचे. दिवाळी झाली की पोरंबाळं घेऊन कोपरगावच्या बाजूला ऊसतोडीला जायचे. थळात, म्हणजे तोडकऱ्यांच्या तळावर, उसाच्या पाचटाच्या कोप्या, आणि पहाटे तोडीला जायच्या आधी दळण. जात्याला दोघी लागायच्या, आजी आणि समोर तिची मोठी लेक, म्हणजे माझी आई. आजी एक ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची. तिसरी ओळ समोरचीनं द्यायची. पहिल्या दोन ओळींत गाऱ्हाणं, तिसरीत जबाब. जबाब आला नाही तर जातं थांबायचं नाही, आजी पुन्हा पहिल्या ओळीवर यायची, जबाब येईपर्यंत. मामा तेव्हा पाच-सहा वर्षांचे, जात्याशेजारी गोधडीत. हीच चाल वीस वर्षांनी त्यांना एका परक्या माणसाच्या तोंडून, भंगारातल्या रेकॉर्डवर ऐकू आली.

चर्चमध्ये मामा गायकवृंदाबरोबर वाजवायचे. तिथले पाळक एकदा वैतागून म्हणाले, "शांतवन, सूर वाकडा का करता?" मामा म्हणाले, "पाळकसाहेब, सरळ सूर आमच्या वाट्याला आलाच न्हाई." तो वाकडा सूर मी लहानपणापासून ऐकलेला. बोटानं तार आडवी ढकलायची, सूर वर चढायला लागतो, आणि पोचायच्या जरा अलीकडे धरून ठेवायचा. "दोन सुरांच्या मधी एक जागा हाय," मामा म्हणत. "तिथं कुनी राहत न्हाई. तिथं आपलं घर."

तर असे हे मामा आमच्या तिसऱ्या मजल्यावर आले आणि गॅलरीत बसून वाजवू लागले. सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर. मला त्रास नव्हता. अरुण तर ऑफिसातून आला की बूट काढायच्या आधी गॅलरीत जाऊन उभा राहायचा. पण जानेवारीत स्नेहलच्या बारावीच्या सराव परीक्षेचे मार्क आले. फिजिक्समध्ये कमी पडली होती. मी त्या रविवारी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना बसवलं. कागद, पेन, तीन रंगांचे मार्कर.

स्नेहलचं वेळापत्रक ठरलं. टीव्ही बंद, पाहुणे बंद, कुकरच्या शिट्ट्या सकाळी सातच्या आत. ऑफिसातला एक जादा बोर्ड मी आदल्या दिवशीच घरी आणला होता, 'शांतता राखा. परीक्षा चालू आहे.' तो पॅसेजच्या दारावर लावला. परीक्षा केंद्राच्या शंभर मीटरच्या आत काय काय चालत नाही, ते मला तोंडपाठ आहे. आमचं घर तर पासष्ट पावलांचंच.

मग मी मामांकडे वळले. मला वाटतं मी आवाज मऊ केला होता.

"मामा, गिटारचं काय करू या?"

"तू सांग."

"बारावी होईपर्यंत माळ्यावर ठेवू या का? धूळही बसणार नाही."

अरुण म्हणाला, "अगं, हळू वाजवतील ते. दार लावून."

"हळू वाजवायचं वाद्य न्हाई ते, अरुणराव," मामा म्हणाले. "आन् पोरीचं वर्ष हाय. लिही सुनीते, लिही."

मी लिहिलं. स्नेहल त्या टेबलावर होती. वहीच्या कोपऱ्यात चौकोनात चौकोन काढत बसली होती. तिला मी काही विचारलं नाही. परीक्षेला बसणाऱ्याला विचारायची पद्धत आमच्यात नाही, त्याला सूचना द्यायच्या असतात.

गिटार मी नीट ठेवली. तारा सैल केल्या, तुटक्या खुंटीला मामांनी सांगितलं तशी पक्कड लावली. जुन्या चादरीत गुंडाळली आणि वर कागद चिकटवला: 'गिटार. बारावी झाल्यावर.'

बारावीचे पेपर झाले. पण बारावी झाली की सीईटी असते, हे मी माझ्याच यादीत पुढच्या पानावर लिहून ठेवलेलं. मी स्टुलावर चढून 'बारावी' खोडलं, 'सीईटी' लिहिलं. त्यानंतर वैद्यकीयची प्रवेश परीक्षा. पुन्हा स्टूल, पुन्हा खोडाखोड. प्रत्येक वेळी मामा गॅलरीतून विचारायचे, "संपली का गं?" आणि मी सांगायचे, अजून एक आहे. "बरं," मामा म्हणायचे. दोन वेळा बरं म्हणाले. माझ्या लक्षात आहे, कारण मी मोजते.

तो उन्हाळा आठवला की मला सगळी माणसं बसलेली दिसतात. स्नेहल तिच्या खोलीत, दार लावून, पंख्याखाली. मामा गॅलरीत, ग्रिलमागे, पुढ्यात वॉकर. मी टेबलाशी, यादीपुढे. एका घरात तीन कोंडलेली माणसं आणि चौथा अरुण, जो चपला हातात घेऊन चालायचा. मामांना खालच्या रस्त्याचं वेळापत्रक पाठ झालं होतं. दूधवाला, कचरागाडी, शाळेच्या रिक्षा. मार्चपर्यंत उसाच्या ट्रॉल्या जात होत्या. ट्रॉलीवर उसाच्या ढिगावर बसलेली बायामाणसं दिसली की मामा वॉकर धरून उभे राहायचे. त्यांच्याकडे कुणी वर बघत नसे. मार्च संपता संपता ट्रॉल्याही बंद झाल्या.

एक गोष्ट मला रोज दिसायची. मामांचा डावा हात वॉकरच्या आडव्या नळीवर असायचा आणि चार बोटं एकामागून एक उठायची, दाबली जायची, सरकायची. फिजिओथेरपीच्या मॅडमनी हातापायांच्या हालचाली करत राहा म्हणून सांगितलं होतं. माझ्या यादीत होतं, 'मामा: व्यायाम.' मला वाटलं तोच. मी खूण करायचे. कितीतरी दिवस खूण केली. मग एप्रिलच्या मध्यावर कधीतरी बोटं कमी हलायला लागली, आणि नंतर हात नळीवर नुसता पडून असायचा. मी 'व्यायाम'पुढे लिहिलं, 'आठवण करणे.'

आणि नखं. दर रविवारी मामांची नखं मी कापायची, तेही यादीत. गिटार माळ्यावर गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी उजव्या अंगठ्याशी आले तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. मग थोडं थांबून स्वतःच पुढे केला. "काप. आता काय काम हाय त्याचं." त्या नखानं ते जाड तारा छेडायचे. मी नेलकटर चालवलं. चांगलं, गोल कापलं.

शेवटचा पेपर मे महिन्यातल्या एका रविवारी संपला. सोमवारी सकाळी मी गिटार खाली काढली, कागद फाडला, चादर झटकली. यादीवर मोठी खूण केली. अरुणनं तारा ताणल्या, मामांनी कान देऊन सूर लावून घेतला. मग त्यांनी डावा हात गिटारच्या मानेभोवती नेला आणि बोटं मिटायला गेले.

मिटली नाहीत. अंगठा आणि पहिलं बोट जवळ आली, बाकीची अर्ध्यावर थांबली. मामांनी उजव्या हातानं ती एकेक धरून तारेवर दाबली. सोडली की पुन्हा वर. आम्ही तिघं बघत उभे होतो. ती शांतता कोणत्याही बोर्डाशिवायची होती.

मॅडम आल्या, त्यांनी हात दाबून पाहिला. सांधे आधीच धरायला लागलेले असणार, म्हणाल्या. या वयात हात चालू असतो तोवर चालतो, थांबला की आखडतो. "वाजवत होते ते बंद का केलं?" त्यांनी सहज विचारलं. वहीत लिहिता लिहिता विचारलं, उत्तराची वाटही पाहिली नाही.

त्या गेल्यावर स्नेहल खोलीच्या दारात उभी होती. "आई, मला कुणी विचारलं होतं का गं?"

"काय?"

"मामाआजोबांच्या गिटारचं. मला ती ऐकू आली की वाटायचं, या घरात कोंडलेली मी एकटीच नाही. बंद झाल्यावर मला माझ्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. मी घड्याळ कपाटात ठेवलं होतं, कपड्यांच्या खाली. तुला माहीतच नाही."

"मग बोलायचंस ना."

"बोर्ड लावला होतास तू," स्नेहल म्हणाली.

या वाक्यावर मी बरेच दिवस काढले आहेत. मला कुणी दुष्ट म्हणणार नाही, मामा तर नाहीच. मी कुणाला ओरडले नाही, काही तोडलं नाही. मी फक्त व्यवस्था केली. माझ्या हातून आयुष्यात जे काही चुकलंय ते असंच, नीटनेटक्या अक्षरात.

जुलैमध्ये एके दिवशी मामांनी अरुणला हाक मारली. "अरुणराव, ट्रंकेत खाली एक गोटी हाय बघा. गोटी पान्याची. जाड, काळी."

अरुणनं ट्रंक उपसली. वर्कशॉपमध्ये नट खोलायला वापरतात ती पोलादी नळीसारखी गोटी, मामांच्या सेवानिवृत्तीच्या दिवशी खिशात राहून गेलेली. "राहून गेलेली का ठेवलेली?" अरुणनं विचारलं. "गाडी बिनगोटीची धावत हुती ना? मग झालं," मामा म्हणाले. मग त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली. मानेच्या टोकाशी तारांखाली सायकलची जाड तार सरकवायला लावली, म्हणजे तारा उंच झाल्या. खुंट्या फिरवून सूर असे लावून घेतले, की नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तरी मेळ लागावा. त्या फिरवाफिरवीत पक्कड दोनदा अरुणच्या पायावर पडली.

"आता दाबायचं काम न्हाई," मामा म्हणाले. "नुसतं सरकायचं." आखडलेल्या मुठीत गोटी धरली आणि तारांवर टेकवून ओढली.

जो आवाज आला त्यानं मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. दारात लोखंडी कडी ओढावी तसा सुरू झाला आणि माणसासारखा संपला. पूर्वीची सफाई त्यात नव्हती. बोटांची ती चपळाई, ती चेष्टा, ते सगळं गेलंच होतं, आणि ते परत आलेलं नाही. पण दोन सुरांच्या मधली जागा होती. आता तर सगळा वेळ तिथेच.

मामांनी मान वर केली नाही. "ह्ये पन हाय," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून रोज सकाळी वाजवतात. अंगठ्याचं नख वाढलंय, मी त्याला हात लावत नाही. आणि ऑगस्टमध्ये त्यांनी हे गाणं धरलं. आधी मेसमध्ये, चर्चमध्ये दुसऱ्यांची वाजवली. हे त्यांचं स्वतःचं, मराठीतलं. दोनच ओळी आहेत, म्हणजे एकच ओळ दोनदा:

दार कुनी लावलं माझं, कडी बाहेरून हाय गं,
दार कुनी लावलं माझं, कडी बाहेरून हाय.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भाजी निवडत होते. गॅलरीत गेले. "मामा, हे माझ्यावर आहे का?"

"दारावर हाय," मामा म्हणाले.

"मग पुढं?"

"पुढं तू म्हनायचं. आमच्या आईला तिसरी ओळ तुझी आई द्यायची. मला कोन देनार? मी जागा सोडतो. येईल तवा म्हन."

म्हणून ऑगस्टपासून माझ्या यादीत ते आहे. गॅस नोंदवणे, मामांच्या गोळ्या, लाईट बिल, स्नेहलला फोन, आणि सात नंबरला: तिसरी ओळ. मी प्रयत्न केला नाही असं नाही. बसमध्ये केला, बैठकव्यवस्था लावताना केला. एका पानावर लिहिलं, 'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे.' खोडलं. 'सदर निर्णय सद्हेतूने घेण्यात आला होता.' खोडलं. 'मी कडी काढली आता' असंही लिहिलं, चालीत बसत होतं. पण गॅलरीत बघितलं तर ग्रिल होतं, खाली चोपन्न पायऱ्या होत्या. खोटी ओळ मामांच्या तारेवर चालणार नाही. फिटर माणूस, बोट लावताच त्यांना कळेल की नट सैल आहे.

अरुण म्हणतो, सरळ माफी माग ना. मागितली, दोनदा मागितली. मामा म्हणाले, "अगं, मीच लिही म्हनालो की." आणि वाजवायला लागले. त्यांना माफी नकोच आहे. त्यांना जबाब हवाय, आणि तो सुरात हवाय. मी कधी कुणासमोर गायले नाही. उपासनेतसुद्धा पुस्तक तोंडासमोर धरून ओठ हलवते.

आज साडेनऊला पर्स घेतली, डबा घेतला. यादीवर सहा खुणा. निघताना गॅलरीत डोकावले. वैशालीताईंना कबूल केलेलं सांगायचं होतं.

"मामा, खालच्या वैशालीताई म्हणत होत्या..."

"ऐकलं. लिही," मामा म्हणाले. हात गिटारवरून उचलला आणि गोटी खिशात टाकायला गेले. इतक्या सहज.

"नाही लिहीत," मी म्हणाले. "वाजवा तुम्ही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गोटी पुन्हा मुठीत घेतली. मी चोपन्नपैकी छत्तीस पायऱ्या उतरले. पहिल्या मजल्यावर बोर्ड लागलाही होता, माझाच, जरा तिरका. मी तो सरळ केला, सवयीनं. मग बेल वाजवली.

"विचारलंत का आजोबांना?" वैशालीताई.

"त्यांना नाही थांबवणार मी. पेपर अकरा ते दोन असतो, मुलगी तेव्हा केंद्रावर असेल, त्या वेळेत ते हवं तेवढं वाजवतील. बाकीच्या वेळी सकाळचा एक तास. पण तुम्ही तुमच्या मुलीला विचारलंत का, तिला नको आहे का?"

"तिला काय विचारायचं?" वैशालीताई म्हणाल्या. "तिची परीक्षा आहे."

हे वाक्य माझंच होतं. त्यांच्या मागे आतल्या खोलीचं दार हळूच उघडलं आणि बोटभर उघडंच राहिलं. वर गाणं सुरू झालं होतं. जिन्याच्या पोकळीतून ते स्पष्ट ऐकू येत होतं, गॅलरीपेक्षाही स्पष्ट. पहिली ओळ. तीच पुन्हा. मग नुसती गिटार.

वैशालीताईंनी मान वर करून ऐकलं. "हे दरवेळी इथंच थांबतात. पुढचं येत नाही का त्यांना?"

"पुढची ओळ मी म्हणायची आहे."

"मग म्हणा की."

जिन्यात कुणी नव्हतं. दार बोटभर उघडं होतं. मी पर्सचा पट्टा खांद्यावर सरकवला, तोंड उघडलं, श्वासही घेतला. वर तारा वाजत होत्या, घाई न करता, जागा धरून. मग जागा संपली आणि मामा पुन्हा पहिल्या ओळीवर गेले.

नऊ पस्तीस. केंद्रावर पोचायला उशीर होत होता. सात नंबर बाकी.